परिचारिकेचे शिक्षण कधी संपते?

मंडळी, इस्पितळात गेलो की आपण आधी डॉक्टरांच्या नावाची पाटी पाहतो. नावापुढची अक्षरे वाचता आली तर वाचतो, नाही तर किती आहेत तेवढी मोजतो. अक्षरे जास्त, म्हणजे डॉक्टर मोठे, असा आपला सरळ हिशेब. पण रात्री दोन वाजता आपल्या माणसाच्या उशाशी ज्या नर्सबाई उभ्या असतात, त्या किती शिकल्या आहेत, हे आपण कधी विचारतो का? त्या प्रेमळ आहेत की तापट, एवढीच चौकशी करून आपण थांबतो. खरे म्हणजे अत्यवस्थ रोग्याच्या बाबतीत त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न हा जिवाशी गाठ घालणारा प्रश्न आहे. आज त्याचाच विचार आपण करू. नोकरीत असलेल्या परिचारिकेला, विशेषतः अपघात विभागात आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकेला, पदवीचे शिक्षण कशासाठी हवे आणि ते तिला कसे घेता येते, हे दोन मुद्दे आपण क्रमाने पाहू.

उदाहरणाला मोरिवली घ्या. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ह्या पट्ट्यातले हे ठिकाण. एकीकडे गाव आणि वाड्या-वस्त्या, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. रसायनांचे कारखाने आहेत, बॉयलर आहेत, विजेची अवजड कामे आहेत. आणि शेजारून कल्याण-कर्जत मार्गाच्या गाड्या धावत असतात. म्हणजे भाजणे, वायूने गुदमरणे, यंत्रात हात सापडणे, गाडीखाली येणे, सगळे प्रकार आले. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस वालधुनीच्या पात्रात विषारी रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन इस्पितळ गाठावे लागले. अशा वेळी दारात एकदम माणसांची रीघ लागते. त्यांतला कोणाचा जीव धोक्यात आहे, कोण अर्धा तास थांबू शकेल, हे पाहता क्षणी ओळखावे लागते. पुष्कळदा रोग्याला प्रथम पाहते ती परिचारिकाच.

आता भाजलेल्या माणसाचेच पाहा. अंग मोठ्या प्रमाणात भाजले की शरीरातले पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून बाहेर पडू लागते. ते वेळेवर भरून काढले नाही तर रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडे बंद पडतात. किती द्रव द्यायचा ह्याचे एक रूढ सूत्र आहे. रोग्याचे वजन किलोमध्ये घ्यायचे, अंगाचा किती टक्के भाग भाजला आहे त्याने गुणायचे आणि त्याला पुन्हा ४ ने गुणायचे. जे उत्तर येईल तितके मिलिलिटर सलाईन २४ तासांत द्यायचे, आणि त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. समजा, ६० किलो वजनाच्या कामगाराचे अंग २० टक्के भाजले आहे. ६० गुणिले २० गुणिले ४, म्हणजे ४,८०० मिलिलिटर. त्यातले निम्मे, २,४०० मिलिलिटर, पहिल्या ८ तासांत जायला हवे.

पण हे ८ तास मोजायचे कोठून? इस्पितळात पाऊल टाकल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून. तो कामगार संध्याकाळी सहाला भाजला आणि आठला पोहोचला, तर हातात ६ तासच उरले. म्हणजे ताशी ४०० मिलिलिटर द्यावे लागतील. आठ वाजल्यापासून मोजणी केली तर ताशी ३०० च जातील आणि रोगी मागे पडत जाईल. बरे, सूत्राने आलेला आकडा हा काही वेदवाक्य नव्हे. लघवी किती होते ते दर तासाला पाहायचे. ह्या माणसाला ताशी सुमारे ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. कमी झाली तर द्रव अपुरा पडतो आहे. फारच जास्त झाली तर द्रव गरजेपेक्षा अधिक जातो आहे आणि फुप्फुसात पाणी साचण्याचे भय आहे. सलाईन डॉक्टर लिहून देतात हे खरे, पण रात्रभर दर तासाला भांडे पाहून, हिशेब करून, "डॉक्टर, मात्रा बदलायला हवी" असे सांगणारी कोण? परिचारिका. नुसते "लिहिले तसे केले" म्हणणारी परिचारिका आणि "असे का लिहिले" हे जाणणारी परिचारिका ह्या दोघींत अंतर पडते ते इथे.

जाता जाता एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे सूत्र घरी वापरायचे नाही. घरी एवढेच करायचे: भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडायचे, हळद, शाई, दंतमंजन काही लावायचे नाही, आणि इस्पितळात गेल्यावर भाजल्याची नेमकी वेळ सांगायची. ती वेळ किती मोलाची आहे, हे आता तुमच्या लक्षात आलेच असेल.

दुसरे उदाहरण ह्याहून साधे आहे. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. अंगात जंतूंचा प्रादुर्भाव पसरू लागला की रक्तदाब उतरण्याच्या पुष्कळ आधी श्वासाची गती वाढते. १८ ची २२ होते, २२ ची २६ होते. रोगी बोलत असतो, चहा मागत असतो, नातेवाईक निश्चिंत असतात. पण शरीर आतून हाका मारत असते. ती हाक ऐकायला मोठे यंत्र लागत नाही. घड्याळ आणि जाणकार नजर पुरते. तरीही जगभरच्या वॉर्डांत सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी नोंद हीच आहे. ज्या परिचारिकेने शरीरक्रियेचा अभ्यास मनापासून केला आहे, ती हा आकडा अंदाजाने कधीही लिहिणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे पहिल्या तीन वर्षांच्या शिक्षणात शिकवीत नाहीत का? शिकवतात. पाया तेथेच घातला जातो. पण अतिदक्षता विभाग ही वैद्यकातली तुलनेने नवी शाखा आहे आणि ती झपाट्याने वाढते आहे. १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. रोग्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते. ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबून तिला श्वास दिला आणि ती वाचली. मग शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबू लागले. त्या अनुभवातून १९५३ साली तेथे अत्यवस्थ रोग्यांसाठी वेगळा विभाग निघाला. आज पिशवीच्या जागी व्हेंटिलेटर आहे, पण उशाशी सतत माणूस हवे हे तत्त्व तेच आहे. अशा रोग्याचे डोके ३० अंश तरी उंच ठेवायचे, तोंड वेळोवेळी स्वच्छ करायचे, नळीत साचलेला कफ काढायचा, रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा कागद आला की त्याचा अर्थ लावायचा. हे ज्ञान दर पाच-सात वर्षांनी बदलते. जुन्या शिदोरीवर सगळा प्रवास होत नाही.

मग पदवीचा उपयोग होतो ह्याला पुरावा काय? २०१४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातले ९ देश, ३०० इस्पितळे आणि शस्त्रक्रिया झालेले ४ लाख २२ हजारांहून अधिक रोगी त्यात पाहिले गेले. ज्या इस्पितळांत पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक होते, तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली: एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जरी वाढला, तरी ती शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पदवी हवी आणि माणसेही पुरेशी हवीत. व्हेंटिलेटरवरच्या एका रोग्यामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे मान्य प्रमाण आहे. एकटी पदवीधर परिचारिका चार अत्यवस्थ रोग्यांत विभागून टाकली, तर तिची पदवी कागदावरच राहील.

आता हे शिक्षण आपल्याकडे आले कसे, ते थोडक्यात पाहू. ह्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्याच. १८६५ साली त्यांचा तेथे जन्म झाला आणि १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. परिचर्येची वाट मात्र आपल्या बायकांना ह्याहून अवघड गेली. परक्या पुरुषाला हात लावायचा, रक्त आणि मलमूत्र काढायचे, हे काम चांगल्या घरच्या बाईचे नव्हे, अशी समजूत घट्ट होती. रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी बायका पाठवल्या. त्या बायकांनी लोकापवाद सोसला, पण दार उघडले ते उघडले.

तरीही प्रगती मंद होती. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हा सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, असे चित्र होते. त्याच साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आधी नोकरीत असलेल्या परिचारिकांना दोन वर्षांत पदवी घेता यावी, असा पहिला अभ्यासक्रम १९६३ साली त्रिवेंद्रम येथे निघाला. मुंबईत महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली परिचर्या महाविद्यालये बहुतांशी त्याच्या छत्राखाली आली. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला.

आता ह्या शिडीच्या पायऱ्या नीट समजून घ्या, कारण इथेच पालकांचा घोटाळा होतो. पहिली पायरी ए.एन.एम., दोन वर्षांची. दुसरी जी.एन.एम., तीन वर्षांची; बारावीला कोणतीही शाखा असली तरी तिला प्रवेश मिळू शकतो. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची. हिला मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी मुलगी जी.एन.एम. होऊन नोकरीला लागली, तिची वाट बंद होत नाही. तिच्यासाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, प्रगत परिचर्या, व्यवस्थापन, अध्यापन आणि संशोधन असे विषय येतात. हा पूर्णवेळ करावा लागतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या परिचारिकांसाठी हीच पदवी किमान तीन वर्षांत घेण्याची सोय केली. पण मुक्त विद्यापीठ म्हणजे घरबसल्या पदवी, असे समजू नका. प्रवेश परीक्षा असते, जागा मोजक्या असतात आणि ठरलेल्या केंद्रावर प्रात्यक्षिके करावीच लागतात. त्या त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज करावा.

ज्यांचे मन अत्यवस्थ रोग्यांच्या सेवेतच रमते, त्यांच्यासाठी आणखी वाटा आहेत. अतिदक्षता परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे. पदवीनंतर आणि एका वर्षाच्या अनुभवानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. शिवाय २०१६-१७ पासून भारतीय परिचर्या परिषदेने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. त्यात वर्गापेक्षा रोग्याच्या खाटेजवळचे शिक्षण कितीतरी अधिक. असे शिक्षण घेतलेली परिचारिका ठरवून दिलेल्या नियमावलीप्रमाणे अधिक जबाबदारीचे निर्णय घेऊ शकेल, अशी त्यामागची कल्पना आहे. आणि पदवी घेतली वा न घेतली, तरी नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना १५० तासांचे चालू शिक्षण दाखवावे लागते.

हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात बदलापूरहून पहाटेची गाडी धरून मुंबईच्या इस्पितळात जाणारी, परत येऊन घरचे सगळे पाहणारी आणि आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या करणारी बाई अभ्यासाला बसणार कधी? अडचणी तीन आहेत: रजा, पैसा आणि घर. सरकारी नोकरीत असलेल्यांना अध्ययन रजेची तरतूद नियमांत आहे; सेवापुस्तक नीट भरलेले असेल आणि अर्ज वेळेवर अधिसेविकांमार्फत गेला तर ती मागता येते. खासगी इस्पितळात अशी सोय मालकाच्या मर्जीवर असते, म्हणून जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि मूळ दाखले कोणाकडेही अडकवून ठेवू नयेत. पैशाच्या बाबतीत, राज्य सरकारने २०२४ साली व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी मोठी सवलत जाहीर केली. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा तो निर्णय आहे. आपली मुलगी आणि तिचा अभ्यासक्रम त्यात बसतात की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

तिसरी अडचण घराची. तिला सरकारी हुकूम चालत नाही. "नोकरी लागली, पगार चालू झाला, आता पुन्हा शाळा कशाला?" असे सासूबाई म्हणतात, आणि कधी नवराही म्हणतो. त्यांना माझे सांगणे एवढेच, की उद्या तुमच्याच घरातला माणूस अतिदक्षता विभागात असेल, तेव्हा त्याच्या उशाशी कोणाची तरी शिकलेली सून उभी असावी असे तुम्हाला वाटेल ना? मग दुसऱ्याच्या माणसासाठी आपल्या सुनेला दोन वर्षे दिली तर काय बिघडले? रात्रपाळीहून आलेल्या बाईला चार तास सलग झोप आणि एक तास शांतता मिळाली, तरी अर्धी लढाई जिंकली.

एक इशाराही देतो. "सहा महिन्यांत नर्स", "हजेरीशिवाय पदवी" अशा पाट्या गावोगाव लागतात. अशा कागदावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून कोणीही परिचारिका ठरत नाही. पैसे जातात, वर्षे जातात, आणि मुलीच्या मनाला कायमची टोचणी लागते. म्हणून पैसे भरण्याआधी ती संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत पाहा. यादी वाचता येत नसेल तर गावच्या शिक्षकांना विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे वळण्याचे कारण एवढ्यापुरतेच नाही. अतिदक्षता विभागात औषधे मिलिग्रॅममध्ये आणि मायक्रोग्रॅममध्ये दिली जातात. एका मिलिग्रॅमचे १,००० मायक्रोग्रॅम होतात. दशांश चिन्ह एक घर सरकले की औषध दहापट होते किंवा दहावा हिस्सा उरते. तुम्ही प्राथमिक वर्गात फळ्यावर दशांश अपूर्णांक शिकवता, तेव्हा समोरच्या बाकावर बसलेली एखादी मुलगी वीस वर्षांनी ह्याच गणितावर कोणाचा तरी जीव राखणार असते. तिला ते घोकून नव्हे, समजून येऊ द्या. दुसरे म्हणजे इंग्रजी. पदवीची पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या हुशार परिचारिका बुद्धीने कमी पडत नाहीत, पुस्तकाच्या भाषेपाशी अडखळतात. रोज एक उतारा कोशाच्या मदतीने वाचण्याची सवय शाळेतच लागली, तर पुढे ती भिंत आड येणार नाही. आणि तिसरे, दहावीनंतर "नर्सच व्हायचे आहे ना, मग विज्ञान कशाला?" असे मुलीला कोणी सांगत असेल, तर त्याला तेथेच थांबवा. विज्ञान घेतले तर चार वर्षांच्या पदवीचा रस्ता सरळ उघडा राहतो. परिचर्या हे मुलग्यांनाही खुले असलेले क्षेत्र आहे, हेही वर्गात आवर्जून सांगा.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहेच. म्हणजे ह्या भागात खाटा वाढतील, यंत्रे येतील, डॉक्टर येतील. पण यंत्राचा भोंगा वाजल्यावर धावत जाऊन तो का वाजला हे ओळखणारे माणूस विकत मिळत नाही. ते घडवावे लागते. ते मोरिवलीतल्या, बदलापूरच्या आसपासच्या पाड्यांतल्या मुलींतून आणि मुलांतून घडले, तर आपल्या माणसांची भाषा जाणणाऱ्या हातांनी आपल्या माणसांची शुश्रूषा होईल.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी इस्पितळात गेलात तर उशाशी असलेल्या सिस्टरना दोन शब्द विचारा: "ताई, पुढे शिकताय का?" शिकत असतील तर शाबासकी द्या. शिकायचे राहून गेले असेल, तर काय अडले आहे ते ऐकून घ्या. त्यातली एखादी अडचण आपल्याला, आपल्या पंचायतीला किंवा आपल्या शाळेला दूर करता येण्याजोगी असू शकते.